उलटं पीठ

सायकल पुन्हा गेटपाशीच आडवी झाली, तेव्हा अंबादासची खात्री पटली, की कुणीतरी तिच्या जिवावर उठलंय.

साधीसुधी सायकल नव्हती ती. जुन्या सायकलीला त्याने स्वतःच्या हाताने बॅटरी आणि मोटर बसवली होती. पहिली मोटर अशी तापली, की लक्ष्मीबाई नगरातल्या कावळ्यांनी आठवडाभर कॉलनीचं आकाशच सोडलं. दुसरीची चेन उडाली ती थेट कडुलिंबावर. अजून तिथेच लटकतेय म्हणतात. उजवीकडे पेडलची चेन होतीच, म्हणून तिसरी मोटर त्याने डावीकडे लावली. ती पळाली, पण गेटपर्यंतच. तिथे मागच्या चाकावर फिरवून बसवलेलं दातेरी चाक सुटायचं आणि घरंगळत निघून जायचं. दातओठ खाऊन आवळलेलं लोखंड आपोआप सुटतं होय?

त्यात बायकोने, कौशल्याने, सांगून टाकलेलं, "रविवारी मला मागे बसवून मंडईत नेलंत तर ठीक. नाहीतर जिन्याखालची ही अडगळ कबाडीवाल्याला."

म्हणजे पहिला संशय घरातच. दुसरा वरच्या मजल्यावरच्या हेरंबवर. हा रेल्वेतला माणूस एकदा म्हणाला होता, "अंबादासराव, ते डावीकडचं जरा दाखवा बरं." दाखवा कशाला? कुठून सोडवायचं ते कळायला? तेव्हापासून अंबादासने त्याच्याशी बोलणं टाकलं.

शुक्रवारी त्याने चाक आवळलं आणि सायकलीभोवती डबाभर कणीक पसरली. चोर आला तर पावलं उमटतील.

"अहो, डब्यातली कणीक कुठे गेली?"

"मला काय विचारतेस? मी काय पोळ्या लाटतो?"

सकाळी कणकेवर मुंगीचंसुद्धा पाऊल नव्हतं. खुशीत तो निघाला आणि गेटपाशी चाक घरंगळलं. म्हणजे चोर उडत येत होता.

इतक्यात कौशल्या वर हेरंबकडे जाताना दिसली. अंबादासने लेकीला, अक्षयाला, मागे पिटाळलं. ती दिल्लीतच जन्मलेली, निम्मं हिंदीच बोलायची. घरात हिंदी शब्द काढायचा नाही, हा बापाचा कायदा.

"काय बोलतात ते ऐक. आणि येऊन नीट मराठीत सांग."

ती लगेच परतली. "पप्पा, काका आईला म्हणाले, त्यांचं पीठ उलटं पाहिजे."

"पीठ? नक्की?"

"बिल्कुल."

"बिल्कुल नाही. अगदी."

"अगदी पीठ."

अंबादास ताडकन उठला. कणकेचं त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो तसाच अक्षयाला घेऊन वर गेला.

"हेरंबराव, माझ्या पिठाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कसलं पीठ?"

"तेच. उलटं करणार होतात ते."

कौशल्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे माझी कणीक यांनीच..."

हेरंब अक्षयाकडे बघायला लागला. "मी पीठ कधी म्हणालो गं?"

"तुम्ही आटा म्हणालात. घरात हिंदी चालत नाही, म्हणून मी पीठ सांगितलं."

हेरंब असा हसला, की तळमजल्यावरचे पंखे हलले. "अगं, मराठीतला आटा. स्क्रूचे आटे. अंबादासराव, चाक डावीकडे लावलंत आणि आटे ठेवलेत सरळ. मोटर ओढते तसं ते उघडत जातं, बाटलीच्या झाकणासारखं. तिथे उलटे आटे हवेत."

"म्हणजे ते मीच..."

"तुम्हीच. आणि जितकी जोरात पळवाल तितकं लवकर."

अंबादास बायकोकडे वळला. "तू इथे कशाला आलीस पण?"

"तुम्ही यांच्याशी बोलत नाही, मग विचारायचं कुणी? मला काय रविवारी पायी जायची हौस आहे?"

दुपारी दोघे पुरुष लेथवाल्याकडे जाऊन उलट्या आट्यांचं दातेरी चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब करून घेऊन आले.

रविवारी गेटपाशी कबाडीवाला ताटकळत होता. कौशल्याने मागच्या सीटवरूनच हात हलवला, "भैया, आज कुछ नहीं." सायकल गेटाबाहेर पडली ती थेट मंडईत.

परतताना तिच्या मांडीवर नव्या कणकेची पिशवी होती. थोडं पुढे आल्यावर अंबादासने आरशात बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कौशल्या, मागे वळू नकोस. कुणीतरी आपल्या मागे रस्त्यावर पांढरी रेघ ओढत येतंय."