नाकाशी धरलेली चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे, डाव्या पायाची. दौंडच्या बाजारात गोकुळ नावाच्या कारागिराने मला जाड चामड्यातून कापलं, खाली टायरचा तळ ठोकला आणि उजव्या बहिणीसकट राहू गावच्या रखमाजी आप्पांना विकलं. आप्पांचा फुलांचा मळा आहे. वाफ्यांतला चिखल, गोठ्यातलं शेण आणि रस्त्याची धूळ अंगावर घेतच मी वाढले.

आप्पांची मुलगी सारिका मळ्यातली झेंडू-शेवंती यवतच्या बाजारात विकायची. तिला लहानपणापासून फिट येण्याचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, तरी मधूनच फिट यायची. एका सकाळी ती अंगणात धाडकन पडली. अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले. आप्पांनी मला पायातून ओढलं आणि थेट तिच्या नाकाशी धरलं. माणसाचा चेहरा इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. मी पार घाबरून गेले. थोड्या वेळाने झटके थांबले.

“चपलेनं उतरली बघा,” शेजारी म्हणाले.

मी उतरवली? कशी काय? माझ्यात असं आहे तरी काय? मला काही कळेना, पण अभिमान वाटला हे खरं. सारिकाची आई साखरबाई तर उजवीला धुवायची आणि मला मुद्दाम तशीच ठेवायची. “हिचा वास जायला नको,” म्हणायची.

पुढे एकदा सारिका शेवंतीच्या वाफ्यात पडली. आप्पा विहिरीवर होते. ते बांधावरून पळत पोहोचले तोवर फिट थांबलेली होती. मी अजून पायातच होते! मग आधीच्या वेळी मी नेमकं काय केलं होतं? हा प्रश्न काही माझी पाठ सोडेना.

त्यानंतर ती भर बाजारात पडली. भोवती ही गर्दी! एकाने तिच्या मुठीत किल्ल्या कोंबल्या, दुसऱ्याने दातांत चमचा घालायला बघितलं, कुणी मोबाईलवर शूटिंग केलं. आप्पा मला नाकाशी धरून बसले होते. सारिकाने डोळे उघडले, समोरचे ते सगळे चेहरे बघितले आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं.

त्या दिवसापासून तिने बाजार सोडला. देवळात जाईना, मैत्रिणीच्या हळदीला जाईना. नाइलाजाने घराबाहेर पडायची वेळ आलीच तर आधी माझ्याकडे बघायची आणि विचारायची, “आप्पा, चप्पल घातलीया न्हवं?” काळजीने तिला झोप लागेना, आणि झोप नाही तर फिट जास्त येऊ लागल्या. गोळी तर एकही चुकत नव्हती. मी विचार करायचे, फिट कधीतरी येते, पण ही भीती तर रोज येते. तिच्या नाकाशी काय धरायचं?

शेवटी आप्पा तिला दौंडला डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले आणि मी काय काम करते ते त्यांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत.

“आप्पा, चप्पल पायातच राहू द्या. फिट आपली आपणच थांबते. तिला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र लगेच दवाखान्यात आणा.” मग त्या सारिकाकडे वळल्या. “तुला भीती कशाची वाटते?”

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं.

“पडायची न्हाई वाटत, मॅडम. उठल्यावर लोकांची तोंडं बघायची वाटती.”

मॅडमनी गोळ्या बदलल्या. भीतीवरही उपचार असतात, असं सांगून समुपदेशक ताईंकडे पाठवलं. तिथे सारिका महिनोन्‌महिने जात राहिली.

त्या पहिल्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर आप्पा मात्र मला हातात घेऊन बसले.

“मग इतकी वर्सं म्या केलं तरी काय गं?”

“तुम्ही पळत येत व्हता, आप्पा,” सारिका म्हणाली. “मला तेवढंच लागायचं.”

आप्पांनी मला पायात घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

हळूहळू तिची झोप सुधारली, फिटही कमी झाल्या. दिवाळीच्या आधी ती पुन्हा बाजारात बसली. शेजारी धुरपदा मावशी भाजी घेऊन बसायच्या. त्यांना तिने पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं: फिट आली तर काय करायचं, काय नाही करायचं, आणि ती तोंडं बघायची भीतीसुद्धा.

आणि एके दिवशी फिट आलीच. आप्पा टेम्पोतून क्रेट उतरवत होते. ते पळाले आणि त्यांच्याबरोबर मी. या वेळी मी पायातच होते. एक गिऱ्हाईक स्वतःचा बूट काढायला वाकलंच होतं.

“बूट राहू द्या पायात!” धुरपदा मावशी ओरडल्या. त्यांनी सारिकाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली फुलांचं रिकामं पोतं सरकवलं. “आन् समद्यांनी पाठी करा इकडं! व्हय, तुम्हीबी! पोरीची जत्रा भरलीया का?”

लोक ओशाळले, पण वळले. आप्पासुद्धा वळायला लागले. मावशींनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

झटके थांबले. सारिकाने डोळे उघडले तेव्हा भोवती सदरे, लुगडी आणि पिशव्या होत्या, नुसत्या पाठीच पाठी. समोर दोनच चेहरे.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “ही समदी तिकडं काय बघत्यात?”

“काय न्हाई गं. झेंडू कसा दिलास ते इचारायला थांबल्यात.”

सारिका पडल्या पडल्या हसली. उठून बसल्यावर तिने ओढणी नीट केली, पण तोंडावर घेतली नाही.

मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी असं पडलं, तर आमच्या जातीला पायातच राहू द्या. आणि असा आजार असलेलं कुणी तुमच्या वर्गात असेल, गल्लीत असेल, तर शुद्धीवर आल्यावर काय बघायला आवडेल, हे त्यांना आजच विचारा. ते काय सांगतील, हे ऐकायची मलाही फार उत्सुकता आहे.