बेचाळीस नंबरचा ठसा

अंतराळस्थानक कोसळायला लागलं तेव्हा ठिणगीराव व्याह्यांच्या सोफ्यावर मांडी ठोकून टीव्हीला डोळे लावून बसले होते. ठिणगीराव हे नाव कारखान्यातलं. वेल्डर म्हणून अर्धं आणि डोकं पटकन भडकतं म्हणून अर्धं. वर सहा वर्षं ओसाड पडलेलं ते धूड आता कुणाच्याच ताब्यात नव्हतं. कुठे पडणार, ते शास्त्रज्ञांनाही सांगता येईना. सकाळी म्हणाले समुद्रात, दुपारी म्हणाले वाळवंटात.

"यांच्यापेक्षा आमचा प्लंबर बरा, निदान वार तरी सांगतो," ठिणगीराव म्हणाले. पण चहा तसाच निवत होता आणि नजर टीव्हीवरून हलत नव्हती.

कारण त्या धुडाच्या पोटात त्यांची टाकी होती. टायटॅनियमच्या दोन मोठ्या वाट्या एकमेकींना सांधून केलेली गोल टाकी. बाकी सगळं वाटेत जळून खाक होतं, पण तसली टाकी कधीकधी अख्खी खाली येते. आली तर सांधा टिकला की उकलला हे साऱ्या जगाला दिसणार होतं. आणि दिसणार होतं ते व्याह्यांच्या नावावर. खरं दुखणं हे होतं.

कारखान्यात प्रत्येक वेल्डरच्या गळ्यात साखळीला त्याच्या नंबरचा पोलादी ठसा असे. काम संपलं की सांध्याशेजारी तो ठोकायचा. बिनठशाची टाकी भंगारात, वेल्डर घरी. तीस वर्षांपूर्वी सांधा पुरा होतो न होतो तोच निरोप आला, मुलगी झाली. ठिणगीराव तोंडावरचा मुखवटा फेकून दवाखान्याकडे पळाले आणि ठसा राहिला गळ्यात. तपासनीस यायच्या आत शेजारच्या मित्राने आपला बेचाळीस नंबर ठोकून दिला. टाकी तपासणीत पहिली आली. कौतुकाचं पत्र बेचाळीसला मिळालं आणि त्याने ते गुपचूप खिशात घातलं. पुढे तीच मुलगी त्याच मित्राच्या घरी सून म्हणून गेली. लेकीच्या सासऱ्याला बोलणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"बाबा, तुटलं बघा," लेक ओरडली.

कुठल्याशा जहाजावरून घेतलेलं चित्र होतं. भरदुपारच्या आभाळात एकाचे दहा, दहाचे शंभर निखारे होऊन धावत होते. ठिणगीराव सोफ्यावर उभे राहिले. व्याहीही उठले. दोघांनी एकमेकांचा दंड कधी धरला ते दोघांनाही कळलं नाही.

दीड तासाने एका दूरच्या किनाऱ्यावरची वाळू दिसली आणि वाळूत काळा पडलेला एक गोळा. कॅमेरा जवळ गेला. सांधा गोल फिरून जसाच्या तसा, केसाएवढीही फट नाही. शेजारी ठसा होता, बेचाळीस.

"टिकला," ठिणगीराव म्हणाले. त्यांचा आनंद गगनात मावेना आणि तो आकडा बघवेना.

कारखान्याने बेचाळीस नंबरचं नाव सांगायला वेळ लावला नाही. संध्याकाळच्या आत बातमीदार बाई दारात हजर. ठिणगीराव कोपऱ्यात सरकले. आता हारतुरे बघत बसा, असं मनाशी म्हणत होते, तोच व्याह्यांनी त्यांचं मनगट पकडून कॅमेऱ्यासमोर ओढलं.

"ठसा माझा आहे," व्याही म्हणाले. "सांधा यांचा."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"टाकी वर होती ना. आधी तिथे माणसं राहायची. सांधा गळला असता तर ठसेवाल्याची मान पकडली असती. यांच्या घरात त्या दिवशी पोर जन्मलेली, मला निदान गावाकडे शेती होती. म्हटलं, काय व्हायचं ते माझं होऊ दे. यांना सांगितलं असतं तर हे भडकून तडक साहेबांकडे कबुली द्यायला गेले असते. आज टाकी जमिनीवर आली. आता कुणाचं काही वाकडं होत नाही."

तीस वर्षं या माणसाला आपण मनातल्या मनात चोर म्हणत आलो, हे आठवून ठिणगीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी माइक त्यांच्यापुढे धरला. "असा सांधा कसा जमला, सांगा ना."

"सांध्याचं काय घेऊन बसलात," ठिणगीराव कसेबसे म्हणाले. "तो कुणीही करेल. दुसऱ्याच्या कामावर आपला ठसा मारून दाखवा."