आधी जाऊन या

माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून माझं नाव स्तोयांका ठेवलं. आमच्या सर्बियात या नावाचा अर्थ टिकून राहणारी. नाव मी फारच मनावर घेतलं. निम्मं गाव ऑस्ट्रियाला गेलं, नवरा देवाघरी गेला, लेक यागोदा ग्राझ शहरात एका म्हातारीची सेवा करायला गेली, आणि मी गावातल्या कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवत राहिले.

मग सरकारने ठरवलं की गेलेली माणसं परत आणायची. परदेशात वर्षभर तरी राहून आलेल्याला जो कारखाना कामावर घेईल, त्याला त्या माणसाचा अर्धा पगार सरकार देणार. मंत्रीबाई आल्या. रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांच्यापुढे पाव आणि मीठ धरलं, त्यांनी तुकडा मोडला, बँड वाजला. टाळ्या पिटणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते. माझी पोर घरी येणार होती, आणि मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

यागोदा आली. कारखान्याने तिला लगेच घेतलं आणि खिडकीजवळचं मशीन दिलं. ते माझं होतं.

"वाईट वाटून घेऊ नका," मुकादम म्हणाला. "घरातलं घरातच राहिलं ना."

रोजगार कचेरीत माझ्या मैत्रिणीचा मुलगा मियोद्राग बसतो. लहानपणी त्याचं नाक मी पुसलेलं आहे.

"मावशी, योजना परत आलेल्यांसाठी आहे. तुम्ही त्यात बसत नाही."

"अरे, मी गेलेच नाही तर परत कुठून येऊ?"

"तेच म्हणतोय. आधी जाऊन या."

"आणि इतकी वर्षं इथं राहिले, त्याचं काहीच नाही?"

"राहण्याला सरकारात किंमत नाही, मावशी. तुमचं तर नावच तुमच्यावर उलटलंय."

हे त्याने मस्करीत म्हटलं नाही. मियोद्रागला मस्करी येत नाही, म्हणून तर त्याला सरकारी नोकरी मिळाली.

रविवारी आम्ही मायलेकी अंगणात हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होतो. यागोदा म्हणाली, "मी जाते परत. तू घे तुझं मशीन."

"मला कोण देतंय ते? तू गेलीस तर दोघी बेकार. ग्राझची तुझी जागा रिकामीच आहे ना? मी वर्षभर जाऊन येते. मग दोघी परतलेल्या आणि दोघी घरात."

"तुला जर्मन येत नाही."

"म्हातारीला तरी कुठं ऐकू येतं?"

ती हसली, आणि मग धुराचं निमित्त करून दोघींनी डोळे पुसले.

बसथांब्यावर 'घरी स्वागत आहे' असा फलक होता. बसमधून पोरी उतरत होत्या आणि त्याच बसमध्ये त्यांच्या आया चढत होत्या. एकही फेरी रिकामी जात नव्हती, त्यामुळे ड्रायव्हर तेवढा खुशीत होता.

वर्ष सरत आलं तसा यागोदाचा फोन आला. मी भांडी घासत होते, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, सरकार बदललं."

"बदलू दे. मी पुढच्या महिन्यात येतेय."

"जुनी योजना बंद झाली. आता पैसे मिळतात ते कधीच बाहेर न गेलेल्यांना घेतलं तर. नवे मंत्री म्हणाले, मातीला धरून बसलेल्यांचा मान राखायचा."

"मग मशीन?"

"कोपऱ्यावरच्या वेस्नाला दिलं. तिला बस लागते, म्हणून ती कधी कुठं गेलीच नाही."

मला वेस्नाचा राग आला, मग माझ्याच रागाची लाज वाटली.

"आई, तिथं दोघींना काम मिळेल?"

"इथं पलंग एकच आहे, बाळा."

तेवढ्यात आतून म्हातारीने हाक मारली, "यागोदा." मी आल्यापासून ती मला याच नावाने बोलावते. तिला माणसं बदललेली कळत नाहीत.

आम्ही दोघींनी एकदमच ओ दिली.