सातव्यासाठी चौथं

"तो गाडी चालवून राहिला ना, तवा तोंड बंद ठेवायचं नाही वं. गात राहायचं. हा बसल्या जागी झोपते."

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात माझ्या सासूबाईंनी, तुळसाबाईंनी, मला हे बजावलं. त्याच्या आदल्या वर्षी हे, म्हणजे प्रेमानंद, रात्रपाळी संपवून मोटरसायकलनं नरखेडला निघाले होते आणि एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणात जाऊन निजले होते. हनुवटीवरचे सहा टाके अजून दिसतात. तेव्हापासून सतरा वर्षं हे गाडी चालवतात आणि मी शेजारी बसून गाते. आधी भीमगीतं, मग सिनेमाची गाणी, मुलं झाल्यावर अंताक्षरी.

दुसरी गोष्टही सासूबाईंनीच दिली. रोज पहाटे पंचशील आणि पौर्णिमेला उपोसथ. त्या दिवशी पाचाची आठ शिलं होतात. दुपारी बारानंतर जेवायचं नाही, गाणं-बजावणं करायचं नाही आणि ऐकायचंही नाही, अंगावर दागिना नको, उंच पलंग नको. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. त्या गेल्याला तीन वर्षं झाली, माझी एकही पौर्णिमा चुकली नव्हती.

यंदा प्रेमानंदांना वीजघरातून जूनमध्ये चार दिवसांची सुटी मिळाली. पचमढीला खोली धरली, पैसे भरले, आणि मग मी कॅलेंडर पाहिलं. निघायचा दिवस नेमका ज्येष्ठ पौर्णिमेचा.

सांगायला हवं होतं. पण मागच्या वर्षी माझ्या वर्षावासापायी, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या व्रतापायी, सहल मोडली, तेव्हा पायल आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. सोळा वर्षांची पोर. "आमच्या घरी मम्मीचे उपास फिरायले जातेत, आम्ही नाही," असं मैत्रिणीला फोनवर म्हणाली, मला ऐकू येईल असं. यंदा माझं काही मध्ये येणार नाही, असं मी तिला सांगून बसले होते. म्हणून पहाटे साडेचारला उठले, एकटीनं आठ शिलं घेतली, पोहे खाल्ले, कानातले काढून डबीत ठेवले आणि गप्प बसले.

रात्रपाळीहून हे सात वाजता आले. झोप नाही. आंघोळ करून थेट स्टिअरिंगवर. सक्करदऱ्याहून निघायलाच नऊ झाले.

"मम्मी, कान खाली काहून?" पायलनं मागून विचारलं.

"गाडीत टोचते वं."

हे पहिलं खोटं. इतकं सहज निघालं, की मला ते तेव्हा खोटं वाटलंच नाही.

सौंसरच्या पुढे घाटात ट्रक उलटला होता. रांग लागली. पुढे ट्रक, मागे ट्रक, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. बाहेर ऊन असं, की काच उघडली तर भट्टीचं झाकण उघडल्यासारखं. धम्मदीप नऊ वर्षांचा. त्यानं दहा मिनिटं दम धरला.

"मम्मी, अंताक्षरी!"

"घसा बसला माहा."

"सकाळी तर बरा होता."

"एसीनं बसला."

प्रेमानंदांनी लगेच एसी बंद केला. माझ्यावर माया म्हणून. आता काय बोलणार?

"वा," पायल म्हणाली, "एकीचा घसा, चौघांचा तंदूर!"

"मंग मोबाइलवर लावतो गाणे," हे म्हणाले.

"नका ना. डोकं दुखून राहिलं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मेघा, माह्यावर रागावली काय?"

"नाही हो."

तेवढं एक खरं होतं.

मग मी काय काय केलं म्हणून सांगू! नंबर प्लेटच्या आकड्यांची बेरीज करायला लावली. धम्मदीपला म्हटलं, मी मनात एक भाजी धरते, ओळख.

"वांगं."

"बरोबर. आता दुसरी धरली."

"वांगं."

"बरोबर."

"तुह्या मनात वांगंच काहून राहते मम्मी?"

पायल हसली आणि हसल्याचं लक्षात येताच कानात इअरफोन घालून खिडकीकडे वळली. आमची गाडी दीड तासात दोनशे हात सरकली असेल. माझ्या पाठीला सीट चिकटली होती आणि पट्टा छातीवर आवळल्यासारखा वाटत होता. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. पिशवीत चिवडा होता. तो काढून बाराच्या आत चार घास खाता आले असते. पण वाहनांच्या धुरानं मुलांना मळमळत होतं, त्यांच्यासमोर खाववेना. बारा वाजून गेले.

एक वाजता घाट सुटला. ढाब्यावर सगळे जेवले. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. प्रेमानंदांनी माझ्या वाटच्या दोन पोळ्याही खाल्ल्या. अन्न वाया जाऊ देत नाहीत.

छिंदवाड्याच्या पुढे रस्ता सरळ झाला. धम्मदीप झोपला होता. मी यांना बोलत ठेवायचा प्रयत्न करत होते.

"अहो, त्या नवीन साहेबाचं काय झालं?"

"हूं."

"बदली झाली काय?"

"हूं."

गाणं असतं तर हे टेबलावर ताल धरतात तसा स्टिअरिंगवर ताल धरतात. गाण्याच्या ओळी माझ्या ओठांशी आल्या होत्या. मी तोंड मिटून सातवं शील मनात म्हणत होते. यांची बोटं स्टिअरिंगवर सैल झालेली मी पाहिली. पाहूनही एक क्षण मी शिलाकडेच पाहत राहिले. तेवढ्यात चाकांखाली मुरूम वाजला.

"अहो!"

मी त्यांचा दंड ओढला. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी मोहाच्या झाडापासून हातभर अंतरावर थांबली. धम्मदीप सीटवरून खाली आला आणि रडायला लागला. कोणाला खरचटलंही नव्हतं.

 मग प्रेमानंद अगदी हळू म्हणाले, "दोन ओळी गायली असती तर काय झालं असतं वं?"

"घसा बसला नाही माहा. आज पौर्णिमा हाय. मी आठ शिलं घेतले."

"मंग डोकं?"

"तेही नाही. पोटही नाही. कानातले टोचत नव्हते."

पायलनं इअरफोन काढले. "म्हणजे सकाळपासून तू आमच्यासंग खोटं बोलून राहिली?"

"तुह्यासाठीच वं... नाही. मागच्यासारखी तू अबोला धरशीन म्हणून भ्यायली मी."

 प्रेमानंद उतरले, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि मोहाखाली पिशवी उशाला घेऊन अर्धा तास निजले. मी मुलांना सावलीत बसवलं आणि थोडी पलीकडे गेले.

गाणं न गाण्याचं सातवं शील मी अजून सांभाळून होते. उद्याच्या सूर्यापर्यंत ते राहिलंही असतं. पण त्यासाठी मी चौथं मोडलं होतं, खोटं न बोलण्याचं. ते पौर्णिमेचं नाही. रोजच्या पाचातलं. बाकीचं ज्या पाचांवर उभं राहतं त्यांतलंच एक मी काढून घेतलं होतं, आणि वर दिवसभर मनातून स्वतःला शाबासकी देत होते. सासूबाई म्हणायच्या, मोडलं तर पुन्हा घ्यायचं. मी हात जोडले आणि पाचही पुन्हा घेतली. चौथं म्हणताना जीभ जड झाली. हजारदा म्हटलेलं वाक्य, पण त्या दिवशी मला ते कोणाला तरी तोंडावर वचन दिल्यासारखं वाटलं.

परत आले तर पायल पुढच्या सीटवर बसली होती.

"मागं बस तू. पप्पाले मी बोलत ठेवतो."

गाडी निघाली. धम्मदीपनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं. पायलनं वडिलांना नवीन साहेबाचं विचारलं, बदलीचं विचारलं, आणि ते खरंच बोलू लागले. चार-पाच मैल गेल्यावर ती मागं वळली.

"भूक लागली तुले?"

"लय लागली."

"खाशीन?"

"नाही. उद्या."

ती पुढं वळली. थोड्या वेळानं रस्त्याकडे बघत म्हणाली, "मम्मी, खरं सांग. तुले यायचंच नव्हतं ना?"

आरशात प्रेमानंदांचे डोळे दिसले. पूर्ण जागे. काचा बंद, दारं बंद, आणि पचमढी अजून दोन तास लांब. "असं कसं वं, पोरी," हे वाक्य ओठांवर तयारच होतं. ते मी गिळलं.

"नव्हतं. पौर्णिमेला तर नव्हतंच," मी म्हणाले. आणि का नव्हतं, ते हळू आवाजात, पहिल्यापासून सांगायला लागले.