हनुवटीपाशी उरलेली फट

नीरजाच्या संगणकाच्या पडद्यावर अण्णांचा चेहरा होता आणि हनुवटीपाशी एक लाल रेघ. रेघ म्हणजे फट. दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग जोडून झाले, तरी कडा मिटत नव्हत्या. आणि त्या मिटल्याशिवाय साचा थ्री-डी प्रिंटरवर छापता येत नव्हता.

साचा मास्कचा होता. अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, श्वास झोपेत अडायचा. हवा देणारं यंत्र घरी आलं होतं. पण पक्षाघाताने तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा गाल ओघळलेला. बाजारातला एकही मास्क त्या गालावर बसेना. हवा शिट्टी वाजवत निघून जायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "मास्क गळतोय तोवर यंत्र असून नसल्यासारखं. जिवाशी खेळ आहे." मग बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये मोटारींचे डॅशबोर्ड रेखाटणाऱ्या लेकीने मास्क स्वतःच करायला घेतला.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधला रविकिरण डबा घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"टॉलरन्स वाढव की! एवढ्याशा फटीकडे सॉफ्टवेअर काणाडोळा करेल."

"फट तिथेच राहील ना पण?"

"राहू दे. लाल रेघ तर जाईल! आपलं निम्मं काम असंच पास होतं."

रविकिरण गुणवत्ता तपासणी विभागाचा प्रमुख होता.

नीरजाने आकडा वाढवला. रेघ गेली, हिरवी खूण आली. तिला बरं वाटलं, पण कानात शिट्टी वाजली आणि तिने आकडा मागे घेतला.

"नाकापाशी कडा जुळतायत," रविकिरण वाकून म्हणाला. "खाली फाकत गेल्यात. दोन्ही बाजू स्कॅनच्याच ना?"

"उजवी स्कॅनची. डावी म्हणजे उजवीच, उलटवलेली."

"का गं?"

"सवय. डॅशबोर्ड आपण अर्धाच करून उलटवतो ना!"

हे खरं होतं, पण पुरतं नव्हे. स्कॅनमधला ओघळलेला गाल तिने सगळ्यात आधी पुसला होता. ओढलेली हनुवटी मात्र उजव्या अर्ध्यात राहून गेली होती. उलटवल्यावर ती दोन दिशांना पळाली.

तिने बनशंकरीतल्या घरी अण्णांना फोन लावला. "अण्णा, डावी बाजू परत स्कॅन करायचीय."

"केलीस की मागे."

"पुसली मी."

अण्णा जड जिभेने म्हणाले, "दाढी करताना मी रोज बघतो तिला. तूच बघत नाहीस. सरी, ठीक आहे, ये लवकर."

संध्याकाळी ती स्कॅनर घेऊन समोर बसली, तर अण्णा फोटोला बसल्यासारखे ताठ. ओठाचा डावा कोपरा बोटाने वर धरलेला.

"अण्णा, बोट काढा."

"स्वल्प बरं दिसेल गं."

"बरं दिसेल, पण मास्क गळेल."

त्यांनी बोट काढलं. ओठ सावकाश खाली आला. आज रात्रीही शिट्टी वाजणारच होती. नीरजाने स्कॅनर गालाजवळ नेला आणि पहिल्यांदाच, पडद्याकडे न बघता, अण्णांकडे बघत तो फिरवू लागली.