हिरवा तुकडा

काटा बाहीत अडकला तसा तो थबकला. हातातल्या टॅबलेटवरचा निळा ठिपका सांगत होता, की तो ताईच्या लिंबोणीच्या बागेत मधोमध उभा आहे. समोर लिंबोणी औषधालाही नव्हती. होती ती नुसती वेडी बाभूळ, डोक्याच्या वर गेलेली आणि भर उन्हाळ्यात हिरवीगार. मेलीला पाटाचं पाणी लागतंच कुठे? मुळं खोल धाडते आणि माजते.

"सांभाळून रे बारक्या, डोळ्याला लागेल," बांधावरून ताई म्हणाली.

कालव्याच्या कचेरीत त्याला कुणी बारक्या म्हणत नसे. उपग्रहाच्या नकाशावरून कुठल्या शेताला आधी पाणी सोडायचं, हे ठरवणारी यंत्रणा त्यानेच बसवली होती. सुकत चाललेलं पीक आधी, हिरवं शेवटी, पडीक जमीन यादीतच नाही. इथे वशिला चालत नाही, असं तो छाती फुगवून सांगे. ताईचं शेत दर आठवड्याला हिरवं दिसे, म्हणून तो निर्धास्त. इकडे फिरकायचं राहिलं ते राहूनच गेलं. आज आला तोही नकाशाची पडताळणी करायला.

"बाग कधी गेली गं?"

"तुला फोन केला होता बघ, तेव्हा निम्मी वाळली होती. बाभळी घुसायला लागल्या होत्या."

त्याला आठवलं. तो म्हणाला होता, 'ताई, मला इथून हिरवंगार दिसतंय की! उगाच पाण्यासाठी रडू नकोस.'

"पुन्हा का नाही केलास?"

"तू नुसतं 'नाही' म्हणाला असतास, तर केला असता. तू मला खोटी म्हणालास रे."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं, याच बागेच्या जिवावर शिकवलं होतं. त्याला मान वर करवेना.

घराला लागून लिंबोणीची एक ओळ तेवढी उरली होती. भांडी विसळल्याचं पाणी घालून ताईने ती जगवली होती. आता तीही माना टाकत होती.

"या पाळीला सोडतोस का थोडं पाणी? एवढी ओळ तरी वाचेल."

त्याने नोंद बदलायला बोट उचललं आणि तसंच धरलं. बाभूळ लिहिलं की शेत पडीक ठरणार, यादीतून बाद. हिरवं ठेवलं तर नंबर शेवटचा, आणि शेवटापर्यंत पाणी कधी पोचलंच नव्हतं. ती ओळ तर उपग्रहाला एवढ्या उंचावरून दिसतही नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीत थेंब नाही. नियम त्याचेच होते. त्याने ताईला सगळं सांगितलं.

"चुकलं गं ताई माझं."

ताईने हात पुसून टॅबलेट घेतला. पडद्यावरच्या हिरव्या तुकड्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"हे बघायचास होय तू?"

"दर आठवड्याला."

"मग राहू दे हिरवंच," ती म्हणाली. "तेवढं तरी बघत जाशील."