दर रविवारी दोन बोटं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे. आधी माझ्या उंचीचं काय ते बोलून टाकू, म्हणजे तुम्ही माना वाकड्या करून बघत बसणार नाही. आज मी जेमतेम सात बोटं लांब आहे. पण एके काळी मी चांगला हातभर होतो! मी झिजलो नाही की मोडलो नाही. मला करवतीने कापलं, आणि तेही ज्यांनी मला घडवलं त्यांनीच. तरीसुद्धा माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. उलट विचाराल तर मी मजेत आहे.

माझा जन्म सुतारकामाच्या एका शेडमध्ये झाला. आमचे भाऊ तेव्हा नुकतेच काम शिकायला लागले होते. दाराच्या चौकटीतून उरलेल्या पट्टीतून त्यांनी मला कोरलं. ही त्यांच्या हातची पहिलीच वस्तू. एक कड जाड, दुसरी पातळ, आणि तोंड जरा डावीकडे कललेलं. त्यांचे उस्ताद मला उलटसुलट करून म्हणाले, "हा चमचा आहे की होडीचं वल्हं?" पण भाऊंच्या आईने मात्र मला दोन्ही हातांत धरून असं पाहिलं, जणू मी सोन्याचाच आहे. तिच्या हाताखाली मी बारा वर्षं सूप ढवळलं, दूध ढवळलं, पाक ढवळला. "हा हातात असला ना, की काही बुडाला लागत नाही," असं ती येईल त्याला सांगायची. मी आपला उगाच छाती फुगवून उभा राहायचो.

पुढे आई गेली. भाऊंचं लग्न झालं, नव्या वहिनी आल्या, त्यांच्याबरोबर नॉनस्टिकची भांडी आली आणि रबरी चमचे आले. वहिनी वाईट नव्हत्या हं. पण माझ्या वाट्याला आली ती खिडकी. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी तुटली होती, म्हणून ती उघडी राहावी यासाठी मला फटीत खुपसलं. दोन वर्षं मी तिथे ऊन खात उभा होतो. कुणी पुसलं नाही, कुणी विचारलं नाही. त्या दिवसांबद्दल जास्त बोलायला मला आवडत नाही.

मग एके दिवशी ताई कायमच्या राहायला आल्या. ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं काम. यजमान गेल्यावर त्यांना एकटीला घर खायला उठायचं, म्हणून भाऊंनीच हट्टाने त्यांना आणलं. सामान अगदी बेताचं होतं: दोन ट्रंका, हत्यारांचा एक डबा, आणि कपाटाएवढा एक पिंजरा. पिंजऱ्यात करड्या अंगाचा, लाल शेपटीचा पोपट. त्याचं नाव जावईबापू.

नाव ताईंच्या यजमानांनी ठेवलेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. "मुलगी नाही तर नाही, पण जावई मात्र आपल्याला भारी मिळाला," असं ते म्हणायचे. आणि खरंच, त्या पोपटाचा थाट तसाच होता. मीसुद्धा त्यांना अहोजाहोच करतो, न करून सांगतो कुणाला! जावईबापूंना सूर्यफुलाच्या बियांशिवाय काही चालत नसे. गाजराचा तुकडा वाटीत ठेवला की ते तो चोचीत धरायचे, मान तिरकी करून नीट विचार करायचे, आणि समोरच्या भिंतीवर फेकून मारायचे. वाटाण्याचंही तेच, मक्याचंही तेच. ती भिंत पुसून पुसून वहिनींचा जीव मेटाकुटीला आला. आणि हात? हात दिसला की संपलंच. पहिल्याच आठवड्यात भाऊंचा अंगठा, वहिनींची करंगळी आणि मीटर बघायला आलेल्या माणसाची बाही, असा त्यांनी सगळ्यांचा समाचार घेतला. भाऊंनी चामड्याचा जाड हातमोजा आणला, तर तो पाहून जावईबापू इतके किंचाळले की शेजारच्या काकू "काय झालं, काय झालं" करत धावत आल्या.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. यजमानांना रोज सकाळी चष्मा सापडत नसे. ते घरभर फिरत विचारायचे, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" आणि ताई आतून ओरडायच्या, "कपाळावर आहे तुमच्या!" जावईबापूंनी हे वाक्य उचललं होतं, आणि तेही हुबेहूब यजमानांच्या आवाजात, शेवटच्या खोकल्यासकट. यजमानांचा आवाज ताईंपाशी दुसरीकडे कुठेच नव्हता. आणि या घरात आल्यापासून जावईबापूंनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. ताई रोज सकाळी पिंजऱ्यासमोर चहाचा कप घेऊन बसायच्या आणि वाट बघायच्या. त्यांचा चहा गार व्हायचा, पण जावईबापू गप्पच असायचे.

तशात वहिनींना दिवस गेले होते. एके संध्याकाळी भाऊ खाली मान घालून म्हणाले, "ताई, तीन महिन्यांत घरात बाळ येईल. तोवर हा चावायचा थांबला तर उत्तम. नाहीतर... माझ्या ओळखीचे एक हॉटेलवाले आहेत. दारात ठेवायला त्यांना पोपट हवाच आहे."

"बरं," ताई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि हातातलं घड्याळ उगाचच कानाला लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जावईबापूंना पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी वजन केलं आणि कपाळाला हात लावला. "नुसत्या बिया खाऊन अंगावर चरबी चढलीय. असंच चाललं तर आजारी पडेल. आणि चावतोय ते रागाने नाही, भीतीने. हात म्हणजे पकडणारा, असं त्याच्या डोक्यात बसलंय. आता हात म्हणजे खाऊ आणणारा, असं बसायला हवं. वाटीत भाजी आणि धान्य ठेवा, पण बी फक्त तुमच्याकडूनच मिळू दे. उपाशी मात्र ठेवू नका, रोज वजन करा. लांब दांड्याच्या चमच्याने सुरुवात करा आणि हळूहळू हात जवळ न्या. चावला तर ओरडू नका, त्याला ती गंमत वाटते. चमचा खाली ठेवा आणि पाठ फिरवा."

लांब दांड्याचा चमचा! घरातले सगळे चमचे टीचभर. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ मला खिडकीतून उपसलं. खिडकी धाडकन मिटली. वहिनींनी मला गरम पाण्याने स्वच्छ धुतलं, तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगाला माणसाचा हात लागला. मित्रांनो, मला भरून आलं होतं.

पहिल्या दिवशी माझ्या तोंडात एक बी ठेवून ताईंनी मला पिंजऱ्याच्या गजांपाशी नेलं. दांड्याचं दुसरं टोक त्यांनी दोन बोटांनी धरलं होतं आणि चेहरा असा केला होता, जणू आता फटाका फुटणार. जावईबापूंनी मानेची पिसं फुलवली आणि माझ्या कडेचा असा काही चावा घेतला, की ती खाच अजून माझ्या अंगावर आहे. ताईंनी मला खाली ठेवलं, पाठ फिरवली, मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा उचललं. "सावकाश, घाई नाही," त्या म्हणाल्या. मला वाटतं, ते त्या स्वतःलाच सांगत होत्या. चौथ्या दिवशी जावईबापूंनी माझ्या तोंडातून बी उचलली, आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो.

भाजीचं प्रकरण वहिनींनी निकालात काढलं. जावईबापू दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून बघतात, हे त्यांनी ओळखलं होतं. रोज सकाळी त्या आणि ताई पिंजऱ्यासमोर खुर्च्या टाकून बसायच्या आणि कच्चं गाजर कराकरा खात नाटक करायच्या. "अहाहा, काय गोड आहे हो!" "अगं, सगळं संपवू नकोस, मलाही ठेव!" भाऊ दारात उभे राहून म्हणाले, "दोघींना वेड लागलंय." पण नवव्या दिवशी जावईबापू गजाशी येऊन पाय आपटायला लागले. वहिनींनी अगदी नाइलाज झाल्यासारखा एक तुकडा वाटीत टाकला आणि तोंड फिरवलं. तुकडा भिंतीवर आला नाही.

पण माझ्या बाबतीत एक अडचण होती. दांडा लांब, त्यामुळे ताईंचा हात नकळत मागे मागे सरकायचा. पुढे धरायचं ठरवून बसायच्या, आणि जावईबापूंनी मान हलवली की हात सुर्रकन दांड्याच्या टोकाला! भाऊंनी हे दोन-तीनदा पाहिलं. "दांडा आहे तोवर तुझा हात पळणारच. दर रविवारी दोन बोटं कापतो."

"अरे, पण आईचा चमचा आहे तो," ताई म्हणाल्या. "तू केलेला पहिला."

भाऊंनी मला हातात धरलं आणि अंगठ्याने माझी जाड कड चाचपली. मग करवत घेतली. दुखलं का, म्हणाल, तर खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. उंचीचा मला अभिमान होता. पण त्या आठवड्यात ताईंचा हात दोन बोटं पुढे गेला आणि काही झालं नाही. पुढच्या रविवारी आणखी दोन. मी लहान होत होतो आणि ताई धीट होत होत्या. सातव्या रविवारनंतर मी वीतभरापेक्षाही आखूड झालो होतो, आणि जावईबापू मला पाहून पिसं फुलवायचं विसरायला लागले होते.

आणि तिथेच घात झाला. वहिनींच्या पायाला सूज आली, डॉक्टर म्हणाले बाळ कदाचित आधीच येईल. भाऊंचं धाबं दणाणलं. आठव्या रविवारी त्यांनी कुणाला न विचारता दोनाऐवजी चार बोटं कापली. ताई मला घेऊन गजाशी गेल्या तेव्हा त्यांचं बोट अचानक चोचीसमोरच आलं. जावईबापू दचकले आणि कडकडून चावले, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, नखाशेजारी. पाहता पाहता रुमाल लाल झाला. घड्याळातला स्क्रू ताई त्याच बोटाने धरायच्या.

दोन दिवस ताईंचं घड्याळांचं दुकान बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी बोट मांडीवर ठेवून ताई म्हणाल्या, "बोलाव तुझ्या हॉटेलवाल्यांना. मला नाही जमत. त्यालाही कशाला रोज घाबरवायचं?" आणि त्या रडल्या. ताईंना रडताना मी तेव्हाच पाहिलं. तो आवाज दुसऱ्याच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला चष्मा विचारत बसणार, हे त्यांना दिसत असणार.

भाऊ उठून गेले. मला वाटलं, फोन करायला गेले. पण ते परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर भुसा होता आणि हातात माझा तो चार बोटांचा तुकडा. शेडमधलं सगळं भंगार उपसून त्यांनी तो शोधला होता. टेबलाशी बसून त्यांनी माझ्या आणि तुकड्याच्या टोकाला भोकं पाडली, मधे बारीक खुंटी बसवली, सरस लावून सांधा चिकटवला, बाहेर ओघळलेला सरस खरवडून काढला आणि मला दोरीने आवळून ठेवलं.

"हे काय करतोयस?" ताईंनी विचारलं.

"चूक त्याची नाही, ताई. तुझीही नाही. माझी आहे," भाऊ म्हणाले. "तू सावकाश म्हणत होतीस आणि मी घाई केली. मुदत मी घातली होती, मीच मागे घेतो. बाळ येईल तेव्हा याचा पिंजरा तुझ्या खोलीत राहील, दार बंद. लागू दे किती दिवस लागायचे ते." मग फोन करून त्यांनी हॉटेलवाल्यांना सांगितलं, "माफ करा हं. आमच्यात जावई दुसऱ्याला देत नाहीत."

बोट बरं झाल्यावर आम्ही पुन्हा मागच्या जागेवरून सुरुवात केली. या वेळी दर रविवारी एकच बोट. मधेच बाळ आलं, मुलगी झाली, घरात धांदल उडाली, पण सकाळच्या त्या दहा मिनिटांना कुणी हात लावला नाही. मी सात बोटांवर आलो तेव्हा भाऊंनी करवत ठेवून दिली. "यापुढे सांधा येतो. तो राहू दे."

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी ताईंनी पिंजऱ्याचं दार उघडून मला पुढे धरलं, तेव्हा जावईबापूंनी बी घेतली नाही. त्यांनी एक पाय माझ्यावर ठेवला. मग दुसरा पाय पुढे टाकला तो थेट ताईंच्या मनगटावर. ताईंनी श्वास रोखला. जावईबापूंनी त्यांच्या चष्म्याकडे मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" आणि खोकले.

"कपाळावर आहे तुमच्या," ताई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मनगट मात्र तसूभरही हललं नाही.

आता पिंजरा ताईंच्या खोलीतून परत जुन्या जागी आला आहे आणि मी त्याच्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. ताईंचं बोट पूर्ण बरं आहे, बी त्या तळहातावरूनच देतात आणि माझी गरज पडत नाही. तरी दर महिन्याला वहिनी मला पुसून तेलाचा हात फिरवतात. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी चावरं, रुसकं, हट्टी असेल, पक्षी असो की माणूस, तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्याच्या अंगावर जाऊ नका. लांबून सुरुवात करा. घाईत जास्त कापलं गेलं, तर लाजू नका, तुकडा शोधून परत जोडा. माझा सांधा हात लावून बघा, तिथे मी सगळ्यात मजबूत आहे.

परवाची गोष्ट सांगतो. बाळाला आता दहा महिने झाले आहेत आणि खाण्याच्या बाबतीत ती जावईबापूंची सख्खी बहीण शोभते. भाऊंना कामावर जायला उशीर होत होता. ते तिच्या तोंडात घास कोंबत होते, ती मान फिरवत होती, आणि गाजराचा लगदा पुन्हा त्याच भिंतीवर! भाऊंचा आवाज चढला. तेवढ्यात खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून, पिंजऱ्यातून, अगदी ताईंच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "सावकाश, घाई नाही."

ताई तर केव्हाच दुकानात गेल्या होत्या. भाऊंनी वळून आधी जावईबापूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हातातला चमचा त्यांनी दोन बोटं मागे घेतला.